दुसऱ्याच्या पायांचा नवस

सगुणभाऊ नवस बोलतात तो स्वतःच्या तोंडाने, फेडायचा मात्र दुसऱ्याने.

मी त्यांची निंदा करतोय असं समजू नका. डिचोलीला आमच्या वाड्यावर कोणालाही विचारा. तो आधी इकडेतिकडे बघेल, सगुणभाऊ जवळपास नाहीत याची खात्री करील आणि मग स्वतःच्या डोक्यावर बसलेल्या नवसाची हकिगत सांगायला लागेल. आधी माझीच सांगतो.

मला मुतखडा झाला होता. माझं औषधाचं दुकान आहे, आणि अर्ध्या गावाला गोळ्या देणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःच्या घरात खाटेवर गडाबडा लोळत होता. सगुणभाऊंचं घर माझ्या घराला लागून. माझं कण्हणं त्यांना जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांतून ऐकू गेलं. ते ओल्या पायांनी सरळ आत आले, माझ्या उशाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि देवाला गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्याकडे गाऱ्हाणं ही मनातल्या मनात पुटपुटायची गोष्ट नव्हे. एकाने खणखणीत आवाजात देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जमलेल्यांत माझी बायको आणि माझी सासू होती. दोघींनी मनापासून 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि त्या गडबडीत मी वर्षभर बांगडा खाणार नाही हेही मंजूर होऊन गेलं.

खडा पडला. तो पाण्याने पडला, गोळीने पडला, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. सगुणभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शब्द गेलो मरे. आता काय करतलंस?"

'शब्द गेलो' हे त्यांचं आवडतं वाक्य. शब्द कोणाचा आणि गेला कोणाच्या तोंडून, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. मला वाटलं, घरात दार लावून खाऊ, कोणाला कळतंय. पण त्यांनी म्हापशाहून येणाऱ्या मासेवालीलाच गाठून ठेवलं होतं. ती आमच्या दारात टोपली उतरवायची, माझ्याकडे दयेने बघायची आणि बांगड्यांवर केळीचं पान ओढून घ्यायची. गिऱ्हाईक मी, पण धाक सगुणभाऊंचा. ते वर्ष मी मुडदुशा आणि पेडवे अशा दुसऱ्या मासळीवर काढलं. बांगडा तळल्याचा वास शेजारून यायचा, म्हणजे सगुणभाऊंच्याच चुलीवरून.

पुंडलिकची गोष्ट याहून बिकट. हा आमचा वीजखात्यातला निवृत्त लाईनमन. तासा-दीड तासाने पोटात काही पडलं नाही तर त्याचा चेहरा उतरतो. एकदा त्याची म्हैस हरवली. सगुणभाऊंनी शिरगावच्या लईराई देवीला परस्पर सांगून टाकलं की म्हैस मिळू दे, पुंडलिक यंदा धोंड, म्हणजे तिच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा व्रतकरी, होईल. म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी आली, आणि पुंडलिकला जत्रेच्या आधी धोंडांचं व्रत धरून, घरापासून वेगळं राहून, हातानं शिजवून खाण्याची पाळी आली. पहिले दोन दिवस तो सगुणभाऊंच्या नावाने बोटं मोडत होता. आज ती म्हैस विकून झाली, तरी पुंडलिक दरवर्षी व्रत धरतो. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणतो, बरं वाटतं.

आणि पाण्याचा इंजिनिअर. वाड्यावरच्या नळाला पाणी येईना, तेव्हा सगुणभाऊंनी नवस बोलला तो त्या इंजिनिअरच्या वतीने: पाणी येऊ दे, हा माणूस देवळात भजनाला उभा राहील. पाणी आलं. मग भाऊ कचेरीत गेले आणि त्याला तसं कळवून आले. तो हसला. भाऊ दुसऱ्या दिवशी परत गेले. रोज जायचे, कोपऱ्यातल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसायचे, कोणाशी काही बोलायचे नाहीत, जेवणाच्या वेळेला उठून घरी यायचे. शेवटी एका एकादशीला तो इंजिनिअर देवळात हजर झाला आणि त्याने डोळे घट्ट मिटून एक अभंग म्हटला. असा आवाज ऐकून नळाचं पाणी परत जाईल की काय अशी मला धास्ती वाटली. पण भाऊ त्याच्या शेजारी टाळ घेऊन उभे होते आणि तो चुकेल तिथे स्वतःच मोठ्याने म्हणून त्याला सावरून घेत होते. प्रसाद घेताना तो माणूस भाऊंच्या पाया पडला.

सगुणभाऊ मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या तसा ट्रकही गेला. अंगाने काटकुळे, खांद्यावर कायम टॉवेल, आणि चालताना मान थोडी पुढे. मूलबाळ नाही. सुमतीवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. स्वतःचं स्वतः रांधतात. गुडघा दुखतो, छपराची कौलं गळतात, पण त्यासाठी देवाकडे त्यांनी एक शब्द टाकल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, की गुडघ्यासाठी एखादा नवस बोला की, मी तुमच्या वतीने कारली सोडतो. ते नुसते हसले आणि विषय बदलला.

या सगळ्या नवसांवर कडी केली ती जयरामच्या नवसाने.

जयराम म्हणजे सगुणभाऊंचा जीव. बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की दोघे जयरामच्या ओट्यावर बसतात, गरम उंडे चहात बुडवून खातात आणि भांडतात. भांडायला विषय लागतोच असं नाही. गेल्या हिवाळ्यात जयरामच्या छातीत दुखायला लागलं, आणि बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी छाती उघडावी लागेल म्हणून सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी मी, पुंडलिक आणि सगुणभाऊ बाहेर उभे होतो. मी जरा औषधांतला माणूस, म्हणून शालिनीवहिनींना, जयरामच्या बायकोला, धीर द्यायचं काम माझ्याकडे होतं. एवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा, ह्या जयरामाक उठय. तो उठलो काय पावसात आपल्या पायांनी सातेरगड चढतलो आणि सातेरीक नारळ देतलो."

मी आणि पुंडलिक सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणून गेलो. नर्स धावत आली. कोणाला रागवावं हेच तिला कळेना, म्हणून तिने मला रागवून घेतलं.

सातेरगड दोडामार्गाच्या पलीकडे, घाटाला चिकटून आहे. फार कोणी तिकडे जात नाही. अर्धी वाट जंगलातून आणि अर्धी जुन्या, निसटलेल्या पायऱ्यांवरून. माथ्यावर पडका बुरूज आणि एका दगडी घुमटीत वारूळ, तेच सातेरी देवीचं रूप. उन्हाळ्यातसुद्धा धाप लागते, मग पावसाळ्यात काय होत असेल ते सांगायला नको.

नवस ऐकून पुंडलिकला त्याच दिवशी एक कल्पना सुचली होती. तो म्हणाला, जयराम शुद्धीवर येईपर्यंत आपणच गाडी काढून जाऊ, नारळ देऊन येऊ, सगळेच मोकळे होऊ. सगुणभाऊंनी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. या माणसाने कोणाच्या अंगाला हात लावलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. "आधी नाय," ते म्हणाले. "काम झाल्याशिवाय फेड नाय. परत बोलू नको." पुंडलिक इतका दचकला की त्याने बिस्किटाचा पुडा तसाच खिशात ठेवला.

जयराम वाचला. घरी आला, लुंगी नेसून ओट्यावर बसायला लागला, आणि मग त्याला नवसाची बातमी कळली.

"देवाक विचारलंस," तो सगुणभाऊंना म्हणाला, "मगे माका विचारूक काय झाला होता?"

"तू बेशुद्ध होतंस."

जयराम पडला व्यापारी माणूस, घासाघीस केल्याशिवाय कसा राहील. त्याने आधी पेडण्याचा हळर्णचा किल्ला सुचवला. गाडी जवळपास दारापर्यंत जाते. भाऊ म्हणाले, शब्द सातेरगडाचा गेला. मग त्याने तेरेखोलचा किल्ला सुचवला. फेरीबोटीत बसून नदी ओलांडायची, वर थोडं चालायचं, समुद्र बघायचा, येताना मासे खायचे. किल्ला तो किल्ला. भाऊ म्हणाले, बोटीत बसून जायचं तर पाय कशाला बोललो असतो. मग जयरामने दुकानातल्या गड्याला आपल्या वतीने पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा भाऊ उठून घरी गेले आणि दोन दिवस ओट्यावर आले नाहीत.

ते दोन दिवस जयरामचे फार वाईट गेले. उंडे गार व्हायचे आणि भांडायला कोणी नसायचं.

त्याच दिवसांत भाऊ माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबले आणि मग हळूच विचारलं, जयराम गोळ्या वेळेवर घेतो ना. मी म्हटलं, घेतो, आणि डॉक्टर म्हणतात तब्येत उत्तम आहे. ते काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवत राहिले.

"नवस फेडूचो रवलो हा औषधवाल्या," ते म्हणाले. "रवलेलो नवस बरो नाय. तेका काय झाला तर?"

मला हसायचं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसू आलं नाही. हा माणूस हट्ट करत नव्हता. तो घाबरला होता. जयरामच्या छातीतले टाके सुकले होते, पण भाऊंच्या हिशेबी तो नारळ सातेरीपुढे फुटेपर्यंत जयराम अजून ऑपरेशनच्या टेबलावरच होता.

शेवटी निकाल शालिनीवहिनींनी लावला. त्या कोणालाही न सांगता देवळात गेल्या आणि देवाला कौल लावला. भटजींनी देवाच्या अंगावर कळ्या लावल्या, वहिनींनी विचारलं, ह्यांना पाठवू का. उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. त्या घरी आल्या आणि जयरामला म्हणाल्या, बूट काढून ठेवलेत. त्याने डॉक्टरांकडे शेवटची आशा ठेवली होती. पण डॉक्टरही म्हणाले, हळूहळू चढा, धाप लागली की बसा, उलट चांगलंच आहे. जयराम मला म्हणाला, देव आणि डॉक्टर एका बाजूला झाले की माणसाने करायचं काय.

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही चौघे पुंडलिकच्या व्हॅनमधून निघालो. माझ्या पिशवीत जयरामच्या गोळ्या आणि जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी. पुंडलिकच्या पिशवीत उंडे, पातळ भाजीचा डबा, केळी, शेंगदाण्याचे लाडू, आणि या सगळ्याच्या वर नारळ. नारळ त्याच्याकडे देऊ नका म्हणून मी सांगितलं होतं, पण माझं ऐकतो कोण. सगुणभाऊंनी मात्र स्वतःच्या हातात फक्त एक काठी घेतली होती, तीही जयरामसाठी.

गाडी पायथ्याशी लावली तेव्हा डोंगर दिसतच नव्हता. धुकं खाली उतरलेलं आणि पाऊस एका लयीत पडत होता. वाटेवर तेरडा फुलला होता. पाण्याने फुगलेला पहिला व्हाळ ओलांडला तोच पुंडलिकच्या पोटरीवर जळू चढली. मी मीठ लावून ती काढली. लगेच माझ्या पायावर दोन चढल्या. जयरामला एकही चावली नाही. तो म्हणाला, माझ्या अंगात आता रक्त कमी आणि औषधच जास्त, त्यांना चव आवडत नसणार.

सगुणभाऊ पुढे नव्हते, मागेही नव्हते. ते जयरामच्या बाजूने, त्याच्या बरोबरीने, वाट नसली तरी झुडपांतून चालत होते. जयराम थांबला की थांबायचे, तो निघाला की निघायचे. बोलत काही नव्हते. त्यांचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक होतं, कारण मलम माझ्याकडूनच नेतात. पण चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. जयराम मात्र पूर्ण वाटभर बोलत होता. पायरी निसरडी असली की भाऊंना शिव्या, जळवा दिसल्या की भाऊंना शिव्या, चष्म्यावर पाणी आलं की भाऊंना शिव्या. धाप लागलेल्या माणसाने इतकं बोलू नये, असं मी म्हटलं, तर एक शिवी मलाही मिळाली.

अर्ध्यावर जुन्या पायऱ्या सुरू झाल्या. तिथे एका सपाट दगडावर बसून आम्ही जयरामला गोळी दिली, पाणी दिलं. पुंडलिकला कोणी गोळी दिली नव्हती, म्हणून त्याने लाडू काढायला पिशवी उघडली. नारळ वरच होता. तो टुणकन बाहेर पडला, एक पायरी उतरला, दुसरी उतरला, आणि मग धडाधड खाली व्हाळाच्या दिशेने जायला लागला.

पुंडलिक नुसता बघत राहिला. मी म्हटलं, जाऊ दे, खाली गावातून दुसरा आणू. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी सगुणभाऊ त्या नारळामागे उतरलेसुद्धा होते. पायऱ्या सोडून, थेट उतारावरून, झाडांच्या मुळांना धरत. एकदा घसरले, बसले, तसेच बसल्या बसल्या खाली गेले आणि धुक्यात दिसेनासे झाले. आम्ही हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात उत्तर ऐकू येण्याची आशाच नव्हती. पुंडलिक त्यांच्या मागे निघाला होता, त्याला मी धरून ठेवला, कारण एक शोधायचा असताना दोन शोधायची वेळ नको.

जयराम उठून पायरीच्या काठावर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याची नाडी बघायला गेलो तर त्याने हात झटकून टाकला.

बऱ्याच वेळाने भाऊ वर आले. चिखलाने माखलेले, कोपर सोललेलं, एक चप्पल गेलेली. नारळ छातीशी धरलेला. "व्हाळात अडाकलो होतो," ते म्हणाले, आणि नारळाची शेंडी तपासायला लागले.

जयराम खाली बसला. त्याने काठी बाजूला ठेवली आणि सांगितलं की तो आता एक पायरीसुद्धा वर चढणार नाही. आरडाओरडा केला नाही. सकाळपासून दिलेल्या शिव्या वेगळ्या होत्या, हा आवाज वेगळा होता.

"एका नारळासाठी मरतलो होतंस," तो म्हणाला. "कित्याक? माझे पाय, पुंडलिकाचा पोट, ह्याचो बांगडो. सगळ्यांचा देवाक दिलंस. तुझा तू कधी काय दिलंस? आज सांग, नाय तर मी हयच बसतलंय."

मी मध्ये पडणार होतो. पण सगुणभाऊ त्याच्यासमोर खालच्या पायरीवर बसले, नारळ मांडीवर घेऊन.

"माझे पाय मी एकदा दिले होते," ते म्हणाले. "ह्याच गडार."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक, पावसात, नारळाकडे बघत सांगितलं. सुमतीवहिनी बांबोळीला होत्या. असाच पावसाळा होता. भाऊंनी सातेरीला नवस बोलला होता की ही बरी होऊन घरी आली की मी अनवाणी गड चढून नारळ देईन. पण दिवस जात होते आणि ताप उतरत नव्हता. आणि मग त्यांच्या मनात आलं, की नवस आधीच फेडून टाकला तर देवीला भीड पडेल. शब्द दिलाच आहे, तो आगाऊ पाळला तर ती नाही कशी म्हणेल. त्यांनी बहिणीला खाटेशी बसवलं, लगेच येतो म्हणाले, कुठे जातो ते सांगितलं नाही, कारण नवस सांगत फिरायचा नसतो. बस बदलत बदलत आले, एकटे चढले, नारळ दिला. उतरताना त्यांना खूप हलकं वाटत होतं म्हणे. संध्याकाळी बांबोळीला पोचले तेव्हा खाट रिकामी होती.

"तिणा दोनदा विचारल्यान," भाऊ म्हणाले, "खय गेले म्हणान. भयणीक ठावक नाय होता."

सुमतीवहिनी गेल्या तेव्हा भाऊ जवळ नव्हते, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. बायको मरत होती आणि हा कुठे भटकत होता, असं लोक तेव्हा बोलले होते. भाऊंनी कोणाला उत्तर दिलं नव्हतं, आणि पुढे लोक विसरून गेले.

"नवस आधी फेडूचो नसता," ते म्हणाले. "देवीचा घेणा देवीक मिळाला. मगे ती कित्याक अडान रवतली? चूक माझी. तेव्हापासून माझा काय देवाक देवचा नाय. माझा दिलेला देव घेता आणि काम करणा नाय. तुमचा घेता. तुझा घेतल्यान, तू उठलंस. आता फेड रे जयराम. माका भिया वाटता."

मला त्या क्षणी खूप काही सांगता आलं असतं. तापाचं, औषधांचं, माणसाच्या शरीराचं. माझ्याकडे ते सगळं ज्ञान आहे आणि दुकानात मी ते फुकट वाटत असतो. पण रडू आवरण्यातच माझी सगळी शक्ती गेली. पुंडलिकने हातातला लाडू नकळत पिशवीत परत ठेवला.

जयराम काठीवर भार देऊन उठला. खाली वाकून त्याने भाऊंच्या मांडीवरचा नारळ उचलला, शर्टाच्या आत घातला आणि वरून बटण लावलं. "चल," एवढंच म्हणाला.

उरलेली चढण कशी झाली ते मला नीट आठवत नाही. पायऱ्या संपून नुसता खडक लागला, तिथे पुंडलिक मागून जयरामला ढकलत होता आणि मी पुढून ओढत होतो. भाऊ एका चपलेने चालत होते, मग तीही काढून त्यांनी हातात घेतली. जयराम थांबायचा, मी नाडी बघायचो, तो मान हलवायचा, आम्ही निघायचो. शिवी एकही नाही. बुरुजाजवळ वारा इतका होता की सरळ उभं राहणं मुश्किल. धुक्यात घुमटी दिसली तेव्हा आम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर पोचलो होतो.

आत वारूळ होतं, कोणीतरी वाहिलेली फुलं कुजलेली होती. जयरामने नारळ काढला. शर्टाच्या आत तो त्याच्या टाक्यांच्या व्रणावर घासून छाती लाल झाली होती. त्याने नारळ वारुळापुढे ठेवला, हात जोडले, आणि मग स्वतःच दगडावर फोडला. एका फटक्यात फुटला. भाऊंचे खांदे, वरून काहीतरी उतरल्यासारखे, एकदम खाली आले. मी त्यांच्या बाजूला होतो, मला ते दिसलं.

मग ते पुढे झाले आणि गाऱ्हाणं घालायला लागले.

"गे सातेरी माये म्हाराजा, ह्या जयरामान आपल्या पायांनी येवन नारळ ठेवल्यान हा, तो मान करून घे."

आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

"तेच्या काळजाक बळ दी. तेच्या घरादाराची, पोराबाळांची राखण कर म्हाराजा."

आम्ही म्हटलं. एवढ्यावर गाऱ्हाणं संपतं. भाऊंनी हात खाली घ्यायचे, आम्ही नमस्कार करायचा, आणि पुंडलिकने खोबऱ्याचे तुकडे करायचे. पुंडलिक तर खालीही वाकला होता. पण भाऊंचे हात जोडलेलेच राहिले. कोपरांवरून पाणी गळत होतं. त्यांचा आवाज इतका खाली आला की ऐकायला आम्हाला पुढे सरकावं लागलं.

"आणि सुमती तुझ्याकडे आसा तर तिका सांग म्हाराजा. त्या दिसा मी हय इलंय. दुसरीकडे खय नाय."

गाऱ्हाण्यात देवाकडे असं काही मागत नाहीत, त्यामुळे मला क्षणभर सुचेना. जयरामला सुचलं. ज्या छातीवर डॉक्टरांनी टाके घातले होते त्या छातीने तो 'व्हय म्हाराजा' ओरडला, भाऊंचा हात धरून ओरडला, आणि मग पुंडलिकने म्हटलं, आणि मग मी.